पाचवी मूठ

तीस वर्षं मी मराठी शिकवलं असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर त्यातली अठरा वर्षं मी पानाच्या मधोमध रेघ मारली.

कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला कथांचं एक पुस्तक होतं आणि त्यात परंपरेवरच्या दोन कथा होत्या. त्यांच्यावर एक प्रश्न ठरलेला: दोन्ही कथांमधील परंपरेच्या चित्रणाची तुलना करा. अभ्यासक्रम बदलला, प्राचार्य बदलले, फळ्याचा रंग काळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पांढरा झाला, पण हा प्रश्न हलला नाही. मुलांना तुलना जमत नाही. एक कथा संपूर्ण सांगतात, मग दुसरी संपूर्ण सांगतात आणि शेवटी ‘अशा प्रकारे दोन्ही कथा छान आहेत’ लिहून मोकळे होतात. म्हणून मी युक्ती काढली. पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे पहिली कथा, उजवीकडे दुसरी. समोरासमोर मुद्दे लिहा आणि मग त्याचा निबंध करा. या रेघेवर माझी मुलं पास होत गेली आणि मुलांमध्ये माझं नाव ‘रेघवाल्या मॅडम’ पडलं. मला त्याचा अभिमान होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्या धंद्याची एक खोच बाहेरच्यांना माहीत नसते. वर्गात आम्ही कथा शिकवतो, पण तपासताना कथा तपासत नाही, मुद्दे तपासतो. दीडशे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात असतो. प्रत्येक उत्तराला चार मिनिटं मिळतात, फार तर पाच. नजर पानावरून पळत असते आणि ओळखीचे शब्द शोधत असते. ‘जुनी पिढी’ दिसलं, बरोबर. ‘संघर्ष’ दिसलं, बरोबर. ‘कर्मकांडाचे प्रतीक’ दिसलं की दोन गुण. मुलांनाही हे ठाऊक असतं. तीही ते शब्द ठरलेल्या जागी पेरून ठेवतात आणि आम्ही ते वेचतो.

तरी गमती व्हायच्या. एकानं लिहिलं होतं, ‘पहिल्या कथेतील म्हातारी जिवंत आहे, दुसऱ्या कथेतील म्हातारा मरण पावतो. हा दोन्ही कथांतील मुख्य भेद होय.’ मी स्टाफरूममध्ये ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. त्याला मी अर्धा गुण दिला, कारण विधान खोटं नव्हतं.

कथांची नावं सांगत नाही, लेखकांना उगाच उचक्या लागायच्या. पण काय होतं त्यात, ते सांगायला हवं. दुसरी कथा तीर्थाच्या गावातली. यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं पिढ्यान् पिढ्या वहीत लिहून ठेवणारं एक पुरोहिताचं घर. वडील जातात. मुलगा वही बंद करतो, जोरदार बोलतो आणि शहरात नोकरीला निघून जातो. पहिली कथा शेतकरी घरातली, आमच्याच नाशिक जिल्ह्याच्या ईशान्येकडची असावी. श्रावणात कुठल्याशा देवीचा सण आलाय. म्हातारी आई सुपात गव्हाच्या मुठी मोजून टाकते आहे. नवरा बाजेवर खोकतोय, दोन मुलगे शेतात आहेत, पाळण्यात नातू रडतोय. सासर सोडून परत आलेली मुलगी भिंतीशी बसून तांदूळ निवडतेय. म्हातारी पाचवी मूठ टाकते, हात झटकते आणि उठते. कथा संपते.

माझ्या नोट्स तयार होत्या. डावीकडे: परंपरेच्या बेडीत अडकलेली जुनी पिढी, मुठी मोजणे हे कर्मकांडाचे प्रतीक. उजवीकडे: बेडी तोडणारी नवी पिढी, वही बंद करणे हे बंडाचे प्रतीक. भिंतीशी बसलेली मुलगी ‘गौण पात्रे’ या मथळ्याखाली एका ओळीत संपायची.

एकदा त्र्यंबकेश्वरहून येणाऱ्या एका मुलानं वर्गात हात वर केला. त्याचं घर तसंच पुरोहिताचं. म्हणाला, “मॅडम, हा वही बंद करून गेला खरा, पण ती कापडात नीट बांधून फळीवर ठेवली असं लिहिलंय. टाकायची होती तर बांधली कशाला? माझे बाबा नाशकात नोकरी करतात आणि रविवारी येऊन वही लिहितात.” वर्ग हसला. मीही हसले आणि म्हटलं, “छान निरीक्षण आहे हं, पण परीक्षेत बंडच लिही.” त्यानं इमानेइतबारे बंड लिहिलं आणि वीसपैकी पंधरा मिळवले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणी नव्हते, म्हणून मला तो लागला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी रत्ना आली. हे तिचं खरं नाव नाही. देवळा तालुक्यातली, पंचविशीची, बाकी मुलींपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची आणि तास संपला की पहिली उठून जायची. लग्न होऊन तीन वर्षांनी ती सासर सोडून माहेरी परत आली होती. देवळ्यालाही कॉलेज आहे, पण तिथे रस्त्यात रोज कुणीतरी “मग, कधी जाणार सासरी?” विचारणार. म्हणून ती नाशकात पंचवटीत मावशीकडे राहून शिकत होती. बी.ए. व्हायचं, बी.एड. करायचं आणि शाळेत लागायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. भावानं परवानगी दिली होती, पण अट घालून. एकदाही नापास झालीस तर घरी. हे सगळं तिनं मला एका वाक्यात सांगितलं होतं, फीच्या सवलतीच्या अर्जावर सही घेताना. मी “हो हो, अभ्यास कर” म्हणून सही केली.

जानेवारीत अंतर्गत परीक्षा झाली, वीस गुणांची. पास व्हायला आठ हवेत. प्रश्न अर्थातच तुलनेचा. रत्नानं रेघ मारली नव्हती. पहिल्या कथेवर पानभर लिहिलं होतं आणि दुसरीवर पाच ओळी. मी पहिल्या पानावर ‘संघर्ष’ शोधला, नव्हता. ‘कर्मकांड’ शोधलं, नव्हतं. शेवटच्या ओळींत तर तिनं स्वतःच्या घरचंच काहीतरी लिहिलं होतं. मी त्या ओळींखाली लाल रेघ ओढली, ‘विषयांतर. कथेबाहेरचे लिहू नये’ असा शेरा मारला आणि पाच गुण दिले. गठ्ठ्यातली पुढची उत्तरपत्रिका घेतली.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, मराठीच्या अंतर्गत परीक्षेत नापास. रत्ना मला भेटायला आली नाही, तिनं गुणांची फेरतपासणी मागितली नाही. मावशीकडचं सामान उचलून ती देवळ्याला गेली, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मला वाईट वाटलं, पण दरवर्षी कुणी ना कुणी गळतंच, आणि त्या वाईट वाटण्याचीही आपल्याला सवय झालेली असते.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या शनिवारी, मी सुरेखाकडे गेले. सुरेखा आमच्याकडे इतिहास शिकवायची. तिचं माहेर आणि सासर दोन्ही सटाण्याकडचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कानबाई, त्या भागातली श्रावणातली देवी, बसणार होती. मी काही कागद द्यायला गेले होते, तर दिवाणखान्यात तिच्या सासूबाई सूप पुढे घेऊन बसलेल्या. गव्हाच्या मुठी मोजून टाकत होत्या आणि प्रत्येक मुठीला एक नाव घेत होत्या. मी तिथेच उभी राहिले.

“हे काय चाललंय गं?” मी सुरेखाला विचारलं.

“रोटाचे गहू. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एकेक मूठ घ्यायची, ते दळायचं आणि उद्या त्याचे देवीच्या प्रसादाचे रोट करायचे.”

“आणि बायकांच्या नावाची?”

“नसते. आता काही घरांत घेतात म्हणे, आमच्याकडे नाही.”

मी सासूबाईंना चेष्टेनं म्हटलं, “मग उद्या मला बोलवा रोट खायला.” त्यांनी हात थांबवला. गोड हसल्या, पण ठामपणे म्हणाल्या, “हाई रोट भाऊबंदनाच शे, माय. तुले पुरणपोळी देस.”

सुरेखानं समजावलं, रोट फक्त भाऊबंदकीतल्यांनी खायचा. लग्न करून दिलेल्या मुलीलाही द्यायचा नाही, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. परत आली तरी? “परत आली तरी,” सुरेखा म्हणाली.

मी चहा न घेता निघाले. घरी आले आणि पुस्तक काढलं. अठरा वर्षं शिकवलेली कथा, समासात माझ्याच अक्षरातल्या खुणा. बोट ठेवून मोजलं. बाजेवर नवरा, एक. शेतात दोन मुलगे, तीन. पाळण्यात नातू, चार. घरात पुरुष चार आणि मुठी पाच. मी परत मोजलं. पाचवी मूठ कुणाची, हे लेखकानं लिहिलं नव्हतं. पण भिंतीशी तांदूळ निवडत बसलेली ती मुलगी, माझं ‘गौण पात्र’, तिथे होती. म्हातारी बेडीत अडकलेली नव्हतीच. जी रीत मुलीला घराबाहेर ठेवत होती, त्याच रीतीत हात घालून ती मुलीला घरात घेत होती, आणि कुणाला कळू नये म्हणून हात झटकून उठत होती. अठरा वर्षं मी तिला जुनी पिढी म्हणत होते.

मग मला रत्नाचं पान आठवलं. सोमवारी कपाटातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला. तिनं लिहिलं होतं:

‘या कथेतील आई परंपरा मोडत नाही आणि पाळतही नाही. घरात पुरुष चार आहेत. मुठी पाच आहेत. पाचवी मूठ परत आलेल्या मुलीची आहे. आई हे कोणाला सांगत नाही म्हणून लेखकाने पण सांगितले नाही. दुसऱ्या कथेतील मुलगा बोलून दाखवतो. त्याला बोलता येते कारण त्याला घर सोडून जायचे आहे. हिला घरातच राहायचे आहे.’

आणि त्याखाली, माझ्या लाल रेघेवर, त्या विषयांतराच्या ओळी: ‘आमच्या घरी पण चार पुरुष आहेत. आमच्या घरी मुठी चारच होतात.’

मी ते पान घेऊन स्टाफरूममध्ये बसले आणि रडले. याच खोलीत त्या म्हातारा-म्हातारीच्या उत्तरावर मी सगळ्यांना हसवलं होतं.

प्राचार्यांकडे गेले. गुणांत दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला, त्यात चूक माझी आहे असं स्पष्ट लिहिलं. त्यांनी तो दोनदा वाचला. “मॅडम, मुलांचे, पालकांचे, पुढाऱ्यांचेसुद्धा अर्ज आलेत माझ्याकडे. तपासणाऱ्यानंच स्वतःविरुद्ध दिलेला हा पहिला. तुमच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलंय, कशाला लचांड?” मी म्हटलं, “सर, एकच राहिलंय, म्हणूनच.” त्यांनी अर्ज पुढे पाठवला. मला खुलासा मागणारं पत्र आलं, तेही मी जपून ठेवलंय.

त्या आठवड्यात मी देवळ्याची एसटी पकडली. चांदवडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा साठवायच्या चाळी लागल्या. रत्नाचं घर विचारत विचारत पोचले, तेव्हा ती चाळीपाशी बसून कांदा निवडत होती. मला पाहून उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही कशाला आलात?” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तिची आई लगबगीनं बाहेर आली. “बस माय, बस. च्या करस.” पडवीत वडील होते. मोठा भाऊ शेतातून आला. त्याची दोन मुलं दारात उभी राहून मला बघत होती. मी नकळत मोजले. चार.

मी पान काढलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की रत्नाचं उत्तर बरोबर होतं, मला ती कथा कळलीच नव्हती आणि मी तिला चुकीनं नापास केलं. कोणती कथा आणि कसल्या मुठी, ते मात्र सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे रत्नानं ठरवायचं होतं. रत्ना खाली बघत म्हणाली, “मला वाटलं, मीच जास्तीचं वाचलं त्या कथेत. नसलेलं दिसायला लागलं मला, असं वाटलं.” पाच गुणांनी मी तिचा निकालच नाही, तिची नजरसुद्धा खोटी ठरवली होती. हे ऐकायला मी पंचाहत्तर किलोमीटर आले होते.

आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, “हुशार शे मनी पोर. मी सांगतच व्हतू.” भाऊ मात्र वैतागून म्हणाला, “मॅडम, गावात सगळ्यांला माहीत झालंय ही नापास झाली म्हणून. पाव्हण्यारावळ्यांत बी. तुमी आता तोंडी सांगितलं, बस धरून गेल्या. आमी कोणाकोणाला सांगायचं? लेखी द्या.”

त्याचा राग मला पटला. पोराच्या वहीचं पान मागितलं आणि लिहिलं: ‘रत्नाच्या उत्तरात चूक नव्हती. चूक तपासणाऱ्याची होती. ती पास आहे.’ खाली सही केली, कॉलेजचं नाव घातलं. तीस वर्षांत लिहिलेला हा माझा सगळ्यात लहान आणि सगळ्यात बरोबर शेरा. भावानं तो दोनदा वाचला, घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. नंतर कळलं, तो कागद त्यानं चौकातल्या चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत आणि चुलतसासऱ्याच्या बाराव्यालासुद्धा काढून दाखवला. घड्यांवर फाटायला आला तेव्हा प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला.

गोष्ट इथे गोड करायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. दुरुस्त निकाल यायला दिवाळी उलटली. बी.एड.चे प्रवेश तोवर संपले होते. रत्नाचं एक वर्ष माझ्या चार मिनिटांत गेलं आणि ते कुठल्याही अर्जानं परत आणता आलं नाही. त्या वर्षभर तिनं कांदा निवडला. पुढच्या जूनमध्ये तिनं प्रवेश घेतला, तेव्हा भाऊच तिला नाशकात सोडायला आला होता. खिशात तो कागद होता, लागलाच तर असावा म्हणून.

माझ्या शेवटच्या वर्षी मी नोट्स बाजूला ठेवल्या. फळ्यावर रेघ मारली नाही. मुलांना म्हटलं, आधी मोजा. कोण कोण आहे घरात, काय किती आहे, कोण बोलतंय, कोण गप्प आहे. वही बंद करणाऱ्यानं ती कापडात का बांधली, तेही विचारा. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “दिसलं ते लिही. तपासणारी मीच आहे.” त्या वर्षी गठ्ठा संपायला मला तीन आठवडे लागले आणि कार्यालयातून तीन स्मरणपत्रं आली.

आधीच्या सतरा वर्षांतल्या मुलांचं काय, हा विचार अजून डोक्यात येतो. त्यांच्यातही कुणी मोजलं असेल. कुणी पान भरून काहीतरी खरं लिहिलं असेल आणि मी ‘संघर्ष’ शोधत पुढे गेले असेन. त्या उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेल्या.

माझी निवृत्ती झाली त्याच वर्षी श्रावणात, एका सोमवारी दुपारी, रत्नाचा फोन आला. कानबाईला दोन दिवस सुट्टी घेऊन ती देवळ्याला गेली होती. इकडचं तिकडचं बोलली, बी.एड.चे पाठ कसे चाललेत ते सांगितलं. मग म्हणाली, “मॅडम, एक सांगायचं होतं. शनिवारी आई गहू मोजत होती. बाबांची, दादाची, दोन्ही पोरांची झाली. आई सूप उचलायला लागली तर दादा म्हणाला, आई, एक मूठ ऱ्हायनी.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. “मग? आई काय म्हणाल्या?”

“काही नाही. तिनं परत गव्हात हात घातला.”

“आणि रोट? खाल्लास?”

“खाल्ला ना. काल सगळ्यांसोबत बसून.”

“कसा लागला गं?”

“जाड असतो मॅडम,” ती म्हणाली, “घशाखाली लवकर उतरत नाही.”